नातेवाइकांशी बोलणं हाही उपचारच

घरातलं माणूस रुग्णालयात राहून आलेल्या कुणालाही विचारा, अनुभव कसा होता. बिलाचा आकडा नंतर येतो, पळापळ नंतर येते. आधी येतं ते हे वाक्य: 'कुणी काही नीट सांगतच नव्हतं.' पेशंट बरा होऊन स्वतःच्या पायांनी घरी आलेला असला तरी हे ऐकायला मिळतं. पेशंट गेला असेल, तर हेच वाक्य त्या घरात पुढची कितीतरी वर्षं निघत राहतं.

आपण ही तक्रार स्वभावाच्या खात्यात टाकून मोकळे होतो. डॉक्टर जरा फटकळ आहेत पण हाताला गुण आहे, सिस्टर तुसड्या आहेत पण कामाला चोख आहेत, असं म्हणून विषय संपतो. मला हे मान्य नाही. काय झालंय, काय करणार आहोत, त्याला किती खर्च येईल आणि यातून काय निष्पन्न होऊ शकतं, हे रुग्णाला आणि त्याच्या माणसांना समजेल अशा भाषेत सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. तो राहिला असेल तर उपचार अपुरा राहिला असं धरलं पाहिजे आणि त्याचा जाब रुग्णालयाला विचारता आला पाहिजे. महाराष्ट्रात त्यासाठी लागणारे बरेचसे नियम कागदावर आलेलेही आहेत.

आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या माणसांना काय काय ठरवायचं असतं, ते आधी पाहू. मुंबईच्या भावाला आजच निघायला सांगायचं की उद्या चालेल? दागिने मोडायचे, सोसायटीकडून कर्ज काढायचं, की मुदतठेव मोडायची? पेशंटला इथेच ठेवायचं की जिल्ह्याच्या ठिकाणी हलवायचं? यातला एकही निर्णय माहितीशिवाय घेता येत नाही, आणि मिळणारी माहिती असते ती एवढीच: 'क्रिटिकल आहे, ४८ तास काही सांगता येत नाही.' मग दार उघडतं, एक सिस्टर चिठ्ठी देते, 'हे मेडिकलमधून घेऊन या.' माणूस धावत जातो, पिशवी आणून देतो, पुन्हा बाकावर बसतो. त्या पिशवीतलं काय वापरलं, काय उरलं, उरलेल्याचे पैसे परत मिळणार का, हे विचारण्याचं धाडस त्या क्षणी कुणाला होत नाही. आत आपलं माणूस त्यांच्या हातात असतं. सुशिक्षित, एरवी कुणालाही न जुमानणारी माणसंसुद्धा त्या बाकावर गप्प बसतात, ते या भीतीमुळे.

पैशाचा प्रश्नही यात पहिल्या तासापासून असतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१७-१८ च्या पाहणीत, बाळंतपणं वगळता, रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये निघाला होता. म्हणजे जवळपास सातपट. ही सरासरी आहे. आयसीयूतल्या माणसाचा आकडा तिच्या कितीतरी पुढे जातो. एवढी रक्कम उभी करणाऱ्या कुटुंबाला ती कशासाठी चालली आहे, याची रोजची माहिती मिळू नये?

माझ्या आत्याला दम लागत होता म्हणून तालुक्याच्या गावी एका खासगी रुग्णालयात दाखल केलं होतं. सकाळी हाऊसमनने, म्हणजे तिथल्या कनिष्ठ डॉक्टरने, सांगितलं, न्यूमोनिया आहे. दुपारी बाहेरून व्हिजिटला आलेले डॉक्टर जिन्यातून उतरता उतरता म्हणाले, हार्टचं पंपिंग कमी आहे, छातीत पाणी त्याचंच आहे. रात्री सिस्टर म्हणाल्या, किडनीचे रिपोर्ट वाढलेत, सरांना कळवलंय. आमच्या घरात त्या रात्री भांडण झालं. एकाचं मत, या लोकांना आजारच कळलेला नाही. दुसऱ्याचं मत, बिल वाढवायला नवीन नवीन काढताहेत. आत्याला दुसरीकडे हलवलं. तिथल्या फिजिशियननी खुर्ची ओढून घेतली, एक्स-रेच्या पाकिटाच्या मागे पेनने हृदय काढलं, दोन फुप्फुसं काढली, खाली दोन मूत्रपिंडं. हृदय कमजोर, म्हणून पाणी मागे फुप्फुसात साठतंय. तिथेच जंतुसंसर्ग झालाय. पुढे रक्त कमी जातंय म्हणून मूत्रपिंडं रुसली आहेत. आधीच्या रुग्णालयातले तिघंही खरं बोलत होते. औषधंही फारशी बदलली नाहीत. पण आम्ही पेशंट हलवला होता, अँब्युलन्सचा धोका पत्करला होता, काही तपासण्या पुन्हा केल्या होत्या आणि एका भल्या रुग्णालयाची गावभर बदनामी केली होती. हे सगळं टळायला पाकिटावरच्या त्या एका चित्राएवढा वेळ पुरला असता.

याच संवादाचा कायदेशीर चेहरा म्हणजे संमती. सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा निकाल प्रत्येक रुग्णालयात वाचला गेला पाहिजे. ४४ वर्षांच्या अविवाहित बाईंनी दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व अंडाशयं काढून टाकली. डॉक्टरांचा हेतू वाईट होता, असं न्यायालयाने म्हटलं नाही. पण सज्ञान, आपला निर्णय आपण घेऊ शकणारी व्यक्ती थोड्या वेळाने शुद्धीवर येणार असताना आणि जिवाला तातडीचा धोका नसताना आईची सही चालणार नाही, हे स्पष्ट केलं. खरी संमती कशाला म्हणायचं तेही सांगितलं: काय करणार, कशासाठी करणार, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल, हे कळल्यावर दिलेली ती संमती.

आज प्रत्यक्षात काय घडतं? दाखल होताना फॉर्मचा गठ्ठा पुढे येतो. बहुतेक ठिकाणी तो इंग्रजीत असतो, जागोजागी पेन्सिलने फुल्या मारलेल्या असतात. 'इथे, इथे आणि इथे सही करा.' आई वॉर्डात पूर्ण शुद्धीत पडलेली असते आणि सही काउंटरवर मुलगा करतो. भूल देण्याची संमती, रक्त देण्याची संमती, 'हाय रिस्क'ची संमती, सगळं एका दमात. त्या कागदांनी रुग्णालय स्वतःला सुरक्षित समजतं; वर दिलेल्या निकालाच्या कसोटीवर त्यातले किती टिकतील, याची मला शंका आहे. शासनाने फक्त एवढं बंधन घातलं की संमतीपत्र मराठीत हवं आणि त्यात काय समजावलं ते डॉक्टरने हाताने दोन-तीन ओळींत लिहायचं, तरी पुष्कळ फरक पडेल. हाताने लिहायचं म्हटलं की माणूस आधी बोलतो.

आता नियमांकडे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये १७ हक्कांची रुग्ण हक्क सनद तयार केली. माहितीचा हक्क, कागदपत्रांचा हक्क, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क, औषधं आणि तपासण्या कुठून घ्यायच्या ते निवडण्याचा हक्क, बिल थकलं म्हणून पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून न ठेवण्याचा हक्क, हे सारं तिच्यात आहे. महाराष्ट्राने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणी नियमांत दुरुस्ती केली. खासगी रुग्णालयाने हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, दरपत्रक लावायचं, आणि नोंदणी देणाऱ्या स्थानिक यंत्रणेने तक्रार निवारण कक्ष व टोल-फ्री क्रमांक चालवायचा, असं त्यात आलं. याच्याही कितीतरी आधीपासून, भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार, रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने कागदपत्रं मागितली तर डॉक्टरने ती ७२ तासांत द्यायची आहेत आणि आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या आहेत. ही ७२ तासांची गोष्ट आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असते?

कित्येक रुग्णालयांत ही सनद लागलेली असते ती जिन्याखाली किंवा दाराच्या मागे, बारीक अक्षरात. दरपत्रकावर खाटेचं भाडं असतं. बिल फुगतं ते खाटेच्या भाड्याने नव्हेच. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा औषधं, हातमोजे-सिरिंजसारखं साहित्य आणि तपासण्या मिळून निम्म्याहून जास्त बिल होत होतं आणि काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेला होता. म्हणजे भिंतीवरचा फलक जे सांगतो आणि खिशातून जे जातं, त्यांची गाठच पडत नाही. अशा वेळी फलकापेक्षा रोजचा अंदाज उपयोगाचा. आज इतके झाले, उद्या साधारण इतके होतील, व्हेंटिलेटर लावला तर इतके. गॅरेजवाला गाडी खोलल्यावर फोन करून आणखी काय निघालं ते सांगतो, मग पुढच्या कामाला हात लावतो. माणसाच्या बाबतीत एवढंही होऊ नये, हे मला फार लागतं.

हे जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी कोविडचा काळ आठवावा. २१ मे २०२० च्या आदेशाने राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांसाठी दर ठरवून दिले: साध्या वॉर्डात दिवसाला ४,०००, आयसीयूत ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. पालिकांनी आणि जिल्हा प्रशासनांनी बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवले. कितीतरी कुटुंबांना जादा घेतलेले पैसे परत मिळाले. सगळीकडे चोख काम झालं असा माझा दावा नाही. काही ठिकाणी नुसती धूळफेक होती. पण बिल हातात घेऊन एखादा सरकारी माणूस रुग्णालयाच्या लेखा विभागात बसू शकतो, हे त्या दोन वर्षांत महाराष्ट्राने करून पाहिलं आहे.

धर्मादाय रुग्णालयांसाठीही नियम आहे, पण तो लोकांपर्यंत पोचत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत टाकायची, आणि तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यायचं. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका बाळंतिणीच्या मृत्यूनंतर, उपचाराआधी १० लाखांची अनामत मागितली गेल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला, तेव्हा हा नियम घराघरांत पोचला. तोवर १९ वर्षं होऊन गेली होती. दाखल करणाऱ्या खिडकीवर बसलेल्या माणसाने तो प्रत्येकाला सांगावा, अशी सक्ती माझ्या तरी ऐकिवात नाही.

आणि ज्या छोट्या दवाखान्यात आपण सर्वात जास्त वेळा जातो, तो तर या नियमांच्या बाहेरच आहे. शुश्रूषागृह कायदा खाटा असलेल्या ठिकाणांसाठी आहे. गल्लीतल्या ओपीडीला त्याचं बंधन नाही. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा त्यांनाही कवेत घेतो, पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही आणि स्वतःचा तसा व्यापक कायदाही केलेला नाही.

डॉक्टर मंडळी म्हणतात, वेळ कुठे आहे? सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे. ३६-३६ तास उभं राहिलेल्या पोराकडून गोड बोलण्याची अपेक्षा करणं क्रूरपणाचं आहे. तिथे आधी माणसं वाढवा, मग बाकीचं बोला. खासगीत मात्र प्रश्न वेळेचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात, व्हिजिटचे मिळतात, तपासणीचे मिळतात. कुटुंबाला बसवून २० मिनिटं समजावल्याचे मिळत नाहीत. विमा कंपनीला त्याचा कागद लागत नाही, महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या दाव्यातही तो लागत नाही. योजनेचं संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. तेवढा पैसा देणाऱ्या सरकारने 'नातेवाइकांशी बोलणं झालं, त्यांना हे समजलं, ही त्यांची सही' असा एक कागद दाव्यासोबत मागितला, तर रुग्णालयं हव्या त्या वेळेला वेळ काढतील. क्ष-किरणाची फिल्म जोडल्याशिवाय पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर ती जोडली जातेच ना.

डॉक्टरांवरच्या हल्ल्यांचा विषय इथे टाळून चालणार नाही. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला जमावाने मारलं, त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. असा हात उचलणाऱ्याला कसलीही सबब असू शकत नाही. महाराष्ट्रात यासाठी २०१० पासून वेगळा कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, नुकसानीच्या दुप्पट भरपाई. तरी हल्ले थांबले नाहीत. दारावर रक्षक वाढले, गेटपास आले, नातेवाईक आणखी लांब बसवले गेले. बाहेर ताटकळणाऱ्या माणसाला आत काय चाललंय ते कळण्याची जी थोडी वाट होती, ती त्यामुळे आणखी अरुंद झाली. डॉक्टरची चूक नसतानाही रुग्ण दगावतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात हेच बजावलं आहे की उपचाराला यश आलं नाही म्हणून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. पण हा फरक कुटुंबाला कळणार कसा? सकाळी 'ठीक आहे' आणि रात्री 'गेले' एवढंच ज्याच्या कानावर पडलं, त्याला मधल्या १२ तासांत फक्त लपवाछपवी दिसते.

आपलीही बाजू धड नाही. पेशंटला कॅन्सर आहे हे साऱ्या भावकीला माहीत असतं, फक्त पेशंटला नसतं; 'त्यांना सांगू नका, खचतील' असं डॉक्टरच्या केबिनमध्ये जाऊन आपणच सांगतो. ज्याच्या शरीरात आजार आहे त्याला डावलून घेतलेले हे निर्णय मला अन्यायाचे वाटतात, मग हेतू कितीही मायेचा असो. दुसरं असं, की भेटायच्या वेळेला आठ जण आठ वेळा तेच विचारतात आणि पुण्याहून आलेला मेहुणा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. शक्य असेल तिथे बोलणारा माणूस पेशंटनेच निवडावा, त्याचं नाव केसपेपरवर पहिल्या दिवशी लिहावं, आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून ऐकावं. हे कुटुंबाने पाळलं नाही तर रुग्णालयाकडून ठरलेल्या वेळेची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

डिस्चार्जच्या दिवशी तर सगळ्यांनाच घाई असते. टीपीएची (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेची) मंजुरी येईपर्यंत संध्याकाळ होते, खाली रिक्षा उभी असते, आणि सिस्टर एका दमात सांगतात: ही सकाळ-संध्याकाळ, ही अर्धी, ही उपाशीपोटी, ही बंद. संशोधक रॉय केसेल्स यांनी २००३ मध्ये याविषयीच्या अभ्यासांचा जो आढावा घेतला, त्यानुसार डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं ४० ते ८० टक्के लोक लगेच विसरतात आणि जे आठवतं त्यातलं जवळपास निम्मं चुकीचं आठवतं. त्यावरचा उपाय परिचारिकांना शिकवता येण्यासारखा आहे. सांगून झालं की विचारायचं, 'आता मला सांगा, घरी गेल्यावर कोणती गोळी कधी द्याल?' उत्तर चुकलं तर पुन्हा सांगायचं. आणि काय झालं तर लगेच परत यायचं, ते मराठीत, ठळक अक्षरात, कार्डाच्या पहिल्याच पानावर लिहायचं.

मला हवं आहे ते फार नाही. प्रत्येक आंतररुग्ण विभागात रोज एक ठरलेली वेळ, जेव्हा उपचार करणारा डॉक्टर किंवा सगळं माहीत असलेला त्याचा सहकारी त्या एका नातेवाइकाशी बसून बोलेल. बोलल्याची नोंद केसपेपरवर. त्याच नोंदीत त्या दिवसापर्यंतचं बिल आणि उद्याचा अंदाज. तक्रार कक्षाचा क्रमांक बिलाच्या प्रत्येक पानावर, आणि किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या याचा तक्ता नोंदणी देणाऱ्या यंत्रणेच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला. नोंदणीच्या नूतनीकरणाला येणाऱ्या पथकाने अग्निशमनाच्या नळकांड्याइतक्याच काटेकोरपणे हे तपासावं.

आणि मृत्यू. तो सांगण्याचं काम आजही बहुधा रात्रपाळीच्या सर्वात नवख्या डॉक्टरवर येतं, व्हरांड्यात, उभ्याउभ्या, आणि तासाभरात काउंटरवरून बिलाची आठवण येते. ही बातमी ज्येष्ठ डॉक्टरने द्यावी, रात्री येणं शक्य नसेल तर निदान फोनवर स्वतः बोलावं, बसायला जागा असलेल्या खोलीत सांगितली जावी, शेवटच्या काही तासांत काय काय केलं ते सांगावं, आणि मृतदेह ताब्यात देण्याचं काम बिलाच्या खिडकीपासून पूर्ण वेगळं काढावं. देह अडवायचा नाही हे सनदेत आलेलंच आहे. बाकीचं घालायला विधिमंडळात जावं लागत नाही, सार्वजनिक आरोग्य विभागाचं एक परिपत्रक पुरतं.